लग्न सकाळचं, पंगत जमिनीवरची



माझं आजोळ उमरठ, तालुका पोलादपूर. तिथं ऊस नाही. भात, नाचणी आणि घरटी एखादा फौजेत. माझा मामेभाऊ खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झाला. त्या पलटणीत मराठे आणि शीख पूर्वीपासून बरोबरीनं नोकरी करत आले. त्याच्या एका शीख सोबत्याच्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी नांदेडला होतं. मामेभाऊ म्हणाला, "दादा, तुम्हीपण चला." गळीत संपलं होतं, खोडव्याला पाणी द्यायला पोरगा होता. निघालो.

नांदेडला गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली देह ठेवला. तिथले जुने शीख आपल्यासारखंच मराठी बोलतात. यजमानांनी दारातच हात धरून "या पाहुणे, प्रवास नीट झाला ना" म्हटलं आणि माझी निम्मी भीती गेली. गुरुद्वाऱ्यात चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे, डोकं झाकायचं. माझा पटका होताच, भावानं रुमाल बांधला. आत सगळे सतरंजीवर; पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. खुर्ची कुणालाच नाही. आमच्या शेजारी बसलेले गृहस्थ मोठे ठेकेदार आहेत हे जेवताना कळलं.

लग्नाला आनंद कारज म्हणतात. मुलीच्या बापानं मुलाच्या खांद्यावरच्या पल्ल्याचं टोक मुलीच्या हातात दिलं. मग ग्रंथसाहिबाभोवती चार फेरे. दर फेऱ्याआधी चौथे गुरू रामदासजी यांच्या रचनेचं एक कडवं वाचायचं, नंतर रागी तेच गातात आणि जोडपं सावकाश चालतं. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, मुहूर्तही नाही. त्यांच्या रहत मर्यादेत शुभ-अशुभ दिवस बघायला मनाई आहे, आणि पैसे घेऊन लेक देण्यालाही. तासाभरात सगळं आटोपलं. शेवटी तुपानं निथळणारा कडाह प्रसाद ओंजळीत मिळाला. (आमच्या घरच्या शिऱ्यात इतकं तूप कधी पडलं नाही, हे घरी सांगितलेलं नाही.)

आणि लंगर. जमिनीवर पंगत, आणि ज्याच्या लेकीचं लग्न तोच बादली घेऊन वरण वाढत होता. मामेभावाच्या पानात वाढताना दोघेही काही बोलले नाहीत, नुसते हसले.

एक बाब मला तिथंच कळली. आपल्या नामदेव महाराजांची 61 पदं त्या ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे पाहुणा म्हणून गेलो तरी अगदी परक्या घरी गेलो नव्हतो.

सगळ्याच शिखांची लग्नं अशी होतात असं मी म्हणत नाही. पंजाबात मोठाले हॉल, दारू, हुंडा, लग्नापायी कर्ज, सगळं आहे. ते आपल्यासारखेच शेतकरी आहेत, आपलेच रोग त्यांना. पण लग्न साधं करायची वाट त्यांच्या धर्मानं बांधून ठेवली आहे. ज्याला जायचं त्याला जाता येतं.

आपल्याकडे वाट नव्हती काय? जोतीराव फुल्यांनी 1873 सालीच सत्यशोधक पद्धतीनं कमी खर्चाचं लग्न लावून दाखवलं. आपण त्यांची जयंती करतो आणि लग्नाला कर्ज काढतो. गेल्या वैशाखात आमच्याच भावकीत मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा होता, अक्षता पडल्या पावणेतीनला. मधल्या वेळात एक पुढारी यायचे होते आणि आलेल्यांचे सत्कार चालले होते. नवरी घामानं भिजली, म्हातारीकोतारी उपाशी, आणि माईकवाला "दोन शब्द" म्हणत वीस मिनिटं बोलणाऱ्यांची नावं पुकारतोय. पुढाऱ्यांचा दोष म्हणावा तर ते बिचारे त्या दिवशी सात मांडव फिरत होते. थांबून राहतो ते आपण.

पैशाचं तर विचारू नका. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे 14 दिवसांत उसाचं बिल मिळावं म्हणून आपण रस्त्यावर बसतो. मिळालं की मंडपवाल्याच्या हातात देतो, आणि लागणीच्या खतासाठी पुन्हा सोसायटीत उभे राहतो.

उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. रायबाचं लग्न मागं ठेवून ते 1670 साली कोंढाण्यावर गेले, ही कथा लहानपणी मी आजीकडून तिथंच ऐकली. नांदेडहून परतताना भावाला सोडायला उमरठला गेलो, समाधीपाशी दोघं बसलो. भाऊ म्हणाला, "दादा, त्यांनी कामासाठी लग्न थांबवलं, आपण लग्नासाठी शेत थांबवतो." यावर मला उत्तर सुचलं नाही.

येत्या फाल्गुनात माझ्या धाकटीचं लग्न आहे. सकाळी साडेदहा, दारातच, एक पंगत, वाढायला मी. सोयरे आधी बिचकले, पण व्याही समजूतदार निघाले. 'वेळेवर लग्न लागेल, कुणासाठी थांबणार नाही, सत्कार होणार नाहीत' ही ओळ पत्रिकेत घालायची म्हटली तर छापखानेवाला दोनदा विचारतो, "नक्की ना आबा? चेअरमनसाहेबांनाही पत्रिका जाणार आहे."

जाणार आहे. त्यांनी साडेदहाच्या आत यावं, आणि जमलं तर वरणाची एक बादली धरावी.

— एक ऊस उत्पादक सभासद