पडद्यावरचा राम आणि मतपेटी

नटाने राजकारणावर तोंड उघडले की भोळी जनता मेंढरांसारखी त्याच्यामागे धावते, असा शहाण्यांचा एक लाडका समज आहे, आणि त्यास हैदराबादचा दाखला हटकून दिला जातो. २९ मार्च १९८२ रोजी नंदमुरी तारक रामाराव यांनी त्या नगरीत तेलुगु देसम पक्षाची घोषणा केली. जानेवारी १९८३ मध्ये २९४ पैकी २०० हून अधिक जागा जिंकून ते मुख्यमंत्री झाले! परंतु लोकांनी पडद्यावरील राम-कृष्णांस मते दिली, एवढाच याचा अर्थ आम्हांस मान्य नाही. १९७८ पासूनच्या पाच वर्षांत काँग्रेसने आंध्रात चार मुख्यमंत्री बसविले होते. त्यांपैकी अंजय्या यांचा बेगमपेठ विमानतळावर राजीव गांधींनी केलेला पाणउतारा तेलुगु माणसाच्या काळजात सलत होता. रामारावांनी त्या सलाला वाचा फोडली. जोडीस दोन रुपये किलो तांदळाचे वचन दिले. भाषिक स्वाभिमान दुखावला म्हणजे काय होते, हे सीमेवरील वाचकांस आम्ही काय सांगावे?

नटाच्या नावावर गर्दी जमते, हे खरेच. चिरंजीवींच्या लोकप्रियतेस तरी कोठे तोटा होता? पण २००८ साली त्यांनी काढलेल्या प्रजाराज्यम पक्षास २००९ मध्ये अवघ्या १८ जागा मिळाल्या, स्वतःच्या जिल्ह्यातील पालकोल्लूत ते पडले आणि २०११ मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन करून मोकळे झाले. आणि खुद्द रामारावांची गोष्ट? राज्यकर्ते म्हणून लोकांनी त्यांस पारखले, तेव्हा १९८९ मध्ये सत्ता तर गेलीच, शिवाय कलवकुर्तीच्या मतदारांनी त्यांस पराभूत केले.