एक डोळ्याचा मुकादम

आयपीएलचा लिलाव जवळ आला की ‘क्रिकेटचा पार बाजार झाला हो’ हा सूर लागतोच. आमच्या पिढीत तर जरा जास्तच. पण मंडळी, हा बाजार काही २००८ साली मांडला गेला नाही. तो मांडून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. मांडणाराही कुणी शेठ नव्हता, नॉटिंगहॅमचा एक गवंडी होता.

विल्यम क्लार्क त्याचं नाव. जन्म १७९८ चा. नॉटिंगहॅमकडून तो १८१६ पासून खेळत होता. पुढे भिंतीवर हाताने चेंडू मारण्याच्या फाइव्ह्ज नावाच्या खेळात त्याचा उजवा डोळा गेला. तरी गडी थांबला नाही. १८३७ साली त्याने ट्रेंट नदीच्या पुलाजवळच्या खानावळीच्या विधवा मालकिणीशी लग्न केलं आणि शेजारच्या मोकळ्या जागेत १८३८ मध्ये मैदान तयार केलं. तेच आजचं ट्रेंट ब्रिज. तिथे त्याने कुंपण घातलं आणि आत यायला पैसे लावले. फुकट सामने पाहायची सवय असलेले गावकरी कुरकुरले, हे सांगायला नकोच.

१८४६ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो लॉर्ड्सवर गोलंदाजीच्या नोकरीला लागला. बाकीचे खांद्याच्या उंचीवरून चेंडू टाकू लागले होते. हा मात्र जुन्या पद्धतीने, कमरेजवळून, संथ आणि फसवे चेंडू टाकायचा. भलेभले त्यात अडकायचे. त्याच वर्षी त्याने देशातले नामवंत खेळाडू गोळा करून ऑल-इंग्लंड इलेव्हन काढली. पहिला सामना शेफील्डला, स्थानिक वीस जणांविरुद्ध झाला आणि क्लार्कचा संघ हरला. पण कल्पना चालली. नवी रेल्वे गावोगाव पोचत होती. तिच्या जोरावर हा संघ बावीस-बावीस जणांच्या स्थानिक संघांशी खेळत देशभर फिरला. आल्फ्रेड मिन, फुलर पिल्च ही नुसती ऐकलेली नावं लोकांना डोळ्यांनी पाहायला मिळाली. संघात ‘फेलिक्स’ या टोपणनावाने खेळणारे एक शाळामास्तरही होते, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं!

आता माझं मत. क्लार्कने क्रिकेट विकलं, ही तक्रार मला पटत नाही. लॉर्ड्सच्या कुंपणातला खेळ त्याने गिरणगावांपर्यंत नेला. सहा पेन्स देऊन कामगाराला जो आनंद मिळाला, त्याला बाजार म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. सामना ठरवणारा हा, संघ निवडणारा हा आणि पैशाची थैलीही याच्याच हातात. खेळाडूंच्या हाती सामन्यामागे चार-सहा पौंड यायचे, उरलेला नफा क्लार्कचा. ज्याने स्वतः मजुरीवर विटा रचल्या, त्यालाच मुकादम झाल्यावर मजुराचा हिशेब दिसेनासा झाला. शेवटी १८५२ साली जॉन विस्डेन, जेमी डीन आणि काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी युनायटेड ऑल-इंग्लंड इलेव्हन काढली. (पुढे १८६४ मध्ये वार्षिक काढणारा विस्डेन तो हाच.) क्लार्क जिवंत असेपर्यंत या दोन संघांचा आपसात सामना होऊ शकला नाही. १८५६ मध्ये तो गेला आणि १८५७ साली लॉर्ड्सवर दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले.

म्हणून लिलावाचे आकडे ऐकून मी हळहळत नाही. कोट्यवधी मिळवणाऱ्या खेळाडूचा मला हेवाही वाटत नाही. कमाई ज्याच्या घामाची, वाटा त्याला मिळालाच पाहिजे. मी एवढंच विचारतो, की राखीव बाकावरच्या पोराला, खेळपट्टी तयार करणाऱ्या माळ्याला त्यातलं किती पोचतं? बाजार असावा, पण त्याचा हिशेब उघडा असावा.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.