मादीला वगळून केलेले औषधशास्त्र

१९३२ साली निकोलस आणि बॅरन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर सोडियम अमायटल हे गुंगीचे औषध वापरले आणि दिसले ते छापले: मादीला भूल द्यायला नराच्या जवळपास निम्माच डोस पुरतो. पुढे कारणही सापडले. औषध फोडणारी काही विकरे नर उंदराच्या यकृतात मुबलक असतात, मादीच्या यकृतात जवळजवळ नसतातच. वाढीचे संप्रेरक नरात मधून मधून उसळून येते, मादीत ते अखंड पाझरत राहते, आणि त्यावर यकृतातली विकरे ठरतात. तेच औषध, वजनाच्या हिशेबाने तेवढेच टोचा. नर उठून पिंजऱ्यात फिरू लागतो तेव्हा मादी अजून आडवीच असते.

इतके ढळढळीत सत्य हाती असताना औषधशास्त्राने काय केले? मादीलाच बाहेर काढले! अ‍ॅनलिस बीरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी २००९ सालच्या शोधनिबंधांची झडती घेतली, तेव्हा जीवशास्त्राच्या दहापैकी आठ शाखांत नरांचीच चलती निघाली. मज्जाशास्त्रात तर निव्वळ माद्यांवरच्या एका अभ्यासामागे निव्वळ नरांवरचे साडेपाच! सबब काय, तर मादीचे ऋतुचक्र निष्कर्ष बिघडवते. ही सबब साफ खोटी आहे. २०१४ साली झुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९३ निबंधांतले आकडे तपासले; उंदराच्या मादीचे आकडे नराहून अधिक वरखाली होत नाहीत, हे सिद्ध झाले. आणि होत असते, तरी काय? बाई जे औषध गिळते ते तिच्या चक्रासकट असलेल्या शरीरातच जाते ना? मग ते चक्र प्रयोगात नको, हे कोणते शास्त्र?

हा अन्याय पिंजऱ्यापाशी थांबला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले. ती बंदी १९९३ साली उठली. झोल्पिडेम ही झोपेची गोळी १९९२ साली मंजूर झाली. स्त्री असो वा पुरुष, डोस एकच, १० मिलिग्रॅम. गोळी घेऊन आठ तास उलटले तरी शंभरातल्या सुमारे पंधरा बायकांच्या रक्तात गाडी चालवणे धोक्याचे ठरावे इतके औषध उरत होते; पुरुषांत हेच प्रमाण सुमारे तीन. बायकांचा डोस निम्मा करायला २०१३ साल उजाडावे लागले. वीस वर्षे त्या बाया अर्धवट गुंगीत सकाळी स्टिअरिंग धरत होत्या, त्याचा जाब कोण देणार?

माणसातला फरक उंदरांइतका मोठा नसतो आणि विकरेही वेगळी असतात, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तो औषधागणिक मोजावा लागतो. न मोजता 'फरक नाही' म्हणणे हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून निधी मागणाऱ्यांना, मादी का वगळली, याचा जाब विचारायला सुरुवात केली. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांना, त्यांच्या नैतिकता समित्यांना आणि निधीच्या थैल्या सांभाळणाऱ्यांना आमचे रोखठोक सांगणे आहे: नर-मादी दोघांचे आकडे वेगवेगळे मांडल्याशिवाय एकही प्रस्ताव मंजूर करू नका. वगळायचेच असेल तर कारण लेखी मागा, आणि 'ऋतुचक्र' हे कारण लिहिलेला कागद तिथल्या तिथे परत करा.