जाळीवरचे गोणपाट
ऐन गळीत हंगामात, पहाटेच्या गारठ्यात कारखान्याच्या आवारात उसाचे ट्रक नंबराची वाट पाहत उभे असताना, एखाद्या चालकाने रेडिएटरच्या जाळीपुढे गोणपाट बांधलेच, तर त्यामागील ममत्व समजण्याजोगे असले तरी ती तजवीज सर्वथा अनावश्यक होय. लडाखात, जेथे २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल मुद्दाम आणावे लागले, तेथे असे आच्छादन शोभते. कोल्हापूरच्या थंडीत मात्र इंजिनातील पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे न सोडण्याचे काम थर्मोस्टॅट इमानेइतबारे बजावीतच असतो. उलट तेच गोणपाट काढावयाचे विसरून भरली गाडी साखरप्याहून आंबा घाट चढू लागली आणि इंजिन उकळले, तर हेड गॅस्केटचा भुर्दंड मालक बहुधा चालकाच्याच पगारातून वसूल करील.