काविळीची माळ आणि कावीळ 'ब'

डोळे पिवळे दिसू लागले की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम माळेची चौकशी करतात. खारदांड्यातील आमच्या भाविकांना ही प्रथा नव्याने सांगावयास नको. वनस्पतीच्या ओल्या काड्यांची ती माळ सुकता सुकता सैल होते, लांबते, आणि खाली उतरली की कावीळही उतरली असे मानले जाते. काड्या वाळून आकसल्यावर दोऱ्याचे फास ढिले पडतात, हे त्यामागचे कारण होय.

माळ देणाऱ्यांना आम्ही सरसकट ठक म्हणणार नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ 'अ' आणि 'ई' बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. रुग्ण उठून कामाला लागतो व श्रेय माळेला मिळते. घात होतो तो पुढे. तीच कीर्ती ऐकून कावीळ 'ब'चा रुग्ण त्याच दारी जातो. दोन्ही रोगांना आपल्या बोलीत एकच नाव आहे, पण 'ब'चा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून व प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे जातो, आणि एकदा ठाण मांडले की वर्षानुवर्षे यकृतात राहतो. डोळे पांढरे असतात, भूक लागते, माणूस होडीवर जातो. यकृताचा ऱ्हास किंवा कर्करोग उघडकीस येईतो वीस-तीस वर्षे निघून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात असे सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते.

वनस्पतींची कोणी परीक्षाच घेतली नाही, असेही नव्हे. मद्रासच्या संशोधकांनी भुईआवळ्यावर केलेला प्रयोग १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. खोटे औषध घेतलेल्या २३ जणांत केवळ एकाची. या शोधनिबंधाच्या लेखकांत, 'ब' विषाणूचा शोध लावून १९७६ चे नोबेल मिळवणारे बरुक ब्लुमबर्गही होते. आशा मोठी होती, पण पुढील प्रयोगांत तसे यश दिसले नाही.

झाडपाल्याने अपाय तर होत नाही ना, हा युक्तिवादही तपासावा. २०२० च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. मात्र आधीच दुखावलेल्या यकृतावर असे प्रयोग करू नयेत, आणि काढा घेत असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये. त्याहून मोठा धोका काढ्याच्या भरवशावर गोळ्या सोडण्याचा. टेनोफोविरसारखी गोळी विषाणूला दाबून ठेवते, मुळासकट उपटत नाही. ती परस्पर बंद केल्यास रोग उसळून यकृत निकामी होऊ शकते. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही तपासणी व औषधे २०१८ पासून शासकीय केंद्रांत मोफत आहेत.

मग लोक माळेकडे का जातात? आमच्या मते, अज्ञानापेक्षा लाजेमुळे अधिक. तेथे रक्त तपासत नाहीत, कागद देत नाहीत, रोगाचे नाव लिहीत नाहीत. लग्न ठरावयाचे असलेल्या घरात ही सोय फार मोलाची वाटते. मोतमावलीच्या जत्रेत मेणाची प्रतिकृती वाहणाऱ्या भक्ताला कोणी हसत नाही, तसेच गोळी घेणाऱ्यालाही हसू नये. देवाने मातीतून औषधे निर्माण केली, शहाण्याने ती नाकारू नयेत व वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, असे बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय शिकवतो. त्यातील पहिला अर्धा भाग माळेच्या समर्थनार्थ सांगितला जातो, दुसऱ्याचा विसर पडतो.

घरोघरी एवढे तरी बोलले जावे: गरोदर स्त्रीची 'ब'साठी रक्ततपासणी व्हावी आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस मिळावी. आई बाधित असेल तर संरक्षक इंजेक्शनही लागते, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावे. आणि रुग्णाचे ताट वेगळे काढू नये. एकत्र जेवल्याने किंवा मिस्सात शांतीसाठी हात मिळवल्याने हा रोग लागत नाही.