एक ना धड – पण कोणाच्या हिशेबाने?

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्या ग्वाल्हेरातील जुन्या मराठी घरांत लहानपणापासून कानी पडते. एक शिक्षण, एक नोकरी, एक छंद, आणि तेही पेन्शनपर्यंत, हा आपला धर्म. याच म्हणीचा प्रयोग मध्यंतरी एका स्नेहसंमेलनात श्री. मुरलीकांत पेटकर यांच्यावर झालेला आम्ही ऐकला. ‘चंदू चॅम्पियन’ (2024) या चित्रपटावर गप्पा चालल्या होत्या. एक वयोवृद्ध, विद्वान गृहस्थ म्हणाले, “कुस्ती सोडून मुष्टियुद्ध, मुष्टियुद्ध सोडून टेबल टेनिस, ते सोडून पोहणे! एका खेळाशी निष्ठा नाही, त्याला खेळाडू कसे म्हणावे?” त्या वेळी आम्ही गप्प बसलो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मातीत वाढलेला हा मुलगा कुस्ती खेळला, सैन्यात गेला आणि तेथे मुष्टियोद्धा झाला. 1965च्या युद्धात त्यास गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुष्टियुद्ध पायांवर उभे राहून खेळावयाचे असते. ते पेटकरांनी सोडले, असे म्हणणे म्हणजे पूर आलेल्या घराने अंगण सोडले असे म्हणण्यासारखे आहे! त्यांना पाण्यात उतरविले ते उपचार म्हणून. 1968 साली तेल अवीव येथील पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 50 मीटर मुक्तशैली पोहण्यात 37.33 सेकंदांची वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. आपल्या प्रवर्गातील तो जागतिक विक्रम होता आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण होते. ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्राने देशाला पहिले वैयक्तिक सुवर्ण दिले ते 2008 साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी.

यावर आक्षेप घेतला जातो की, त्या काळी अशा स्पर्धांत स्पर्धकच थोडे. हा आक्षेप आम्ही टाळत नाही. स्पर्धक थोडे होते, हे खरे. पण ते थोडे का होते? लुळ्या पायांच्या माणसाला तलावापर्यंत नेणारेच जगात थोडे होते, म्हणून. शिवाय घड्याळ स्पर्धक मोजत नाही, वेळ मोजते.

खेळ बदलणाऱ्याविषयीचा हा आकस केवळ आपला नाही. इंग्लंडमध्ये 1895 साली रग्बीचे दोन तट पडले. उत्तरेकडील गिरण्या-खाणींतले मजूर सामन्यासाठी रजा घेत तेव्हा त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच मूळ मागणी होती. ती नाकारली गेली आणि बावीस क्लबांनी हडर्सफील्ड येथे वेगळी चूल मांडली. पुढे 1907 साली सिडनीचा विख्यात खेळाडू डॅली मेसेंजर जुनी रग्बी सोडून या नव्या तटाकडे गेला. पैसे घेऊन खेळणाऱ्याला जुन्या तटाचे दार कायमचे बंद होई आणि हौशीपणाचा तो आग्रह थेट 1995 साली सुटला. ज्यांची चूल मजुरीवर पेटत नव्हती, त्यांनी मजुरांना निष्ठेचे धडे द्यावेत, हा त्यातला विनोद. पण त्यांचा नियम निदान लेखी तरी होता. आपल्याकडे नियम नाही, बंदी नाही. केवळ मौन आहे, आणि मौनाविरुद्ध अपील करता येत नाही.

त्या मौनाचा हिशेब असा. हायडेलबर्ग 1972, पद्मश्री 2018, जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025. पुरस्कार हाती आला तेव्हा पेटकर ऐंशी वर्षांचे होते. निष्ठेचा प्रश्न असता तर खाशाबा जाधवांचे काय? ते आयुष्यभर कुस्तीचेच राहिले, 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, 1984 साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. म्हणजे एकनिष्ठ असा वा खेळ बदला, उपेक्षा समान! मग निष्ठेचे कारण हे मागाहून शोधलेले निमित्त आहे, असे का म्हणू नये?

आता आपल्या गावाकडे पाहू. कॅप्टन रूपसिंह हे हॉकीचे थोर खेळाडू. 1932च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यांनी दहा गोल केले. त्यांच्या नावाचे आपले मैदान मुळात हॉकीचे. ते क्रिकेटचे झाले. त्याच मैदानावर 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिन तेंडुलकरने नाबाद 200 धावा केल्या आणि आपण महाराजबाड्यावर पेढे वाटले. मैदानाने खेळ बदलला तर अभिमान, माणसाने बदलला तर संशय, हा कुठला न्याय?

आणि आपण तरी कोण? शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेली आपली घराणी. कोणी तलवार ठेवून दप्तर धरले. संस्थान विलीन झाल्यावर कोणी दप्तर ठेवून खडू हाती घेतला. आपल्या पूर्वजांनी खेळ बदलला नसता तर हे त्रैमासिक वाचावयास आज कोणी उरले नसते.

एक कबुली देणे उरले आहे. नोकरीत असताना एका तरुणाचा अर्ज आमच्यापुढे आला होता. कबड्डीपटू, अपघातात पाय गेलेला, पुढे गोळाफेकीत उतरलेला. सवलतीसाठी एकाच खेळातील सलग कामगिरी हवी होती. आम्ही समासात लिहिले, ‘सातत्य आढळत नाही, अमान्य’. नियमाप्रमाणे ते चूक नव्हते. पण नियम बदलावा, अशी दोन ओळींची टीप वर पाठविता आली असती. ती आम्ही पाठविली नाही. त्या समासातील अक्षर आमचे होते, हे विसरता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ग्वाल्हेरात 1957पासून शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे आणि आता दिव्यांग खेळाडूंसाठी अटल बिहारी वाजपेयींच्या नावाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. देशभरातून तेथे येणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांनी आयुष्याच्या मध्यावर खेळ बदललेला असणार. आपल्या वार्षिक गुणगौरवात दहावी-बारावीच्या गुणांबरोबर त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव यावे. त्याआधी आपण तेथे जाऊन त्यांचा सराव पाहावा. आणि घरी कोणी ‘एक ना धड’ म्हणू लागले, तर त्यास 37.33 हा आकडा सांगावा.