राजा, टिळक आणि आमचे पुणेकर



तुमच्यापैकी किती जणांच्या घरात 'बदली' हा शब्द ओळखीचा आहे? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला की दरवर्षी तीन-चार हात वर होतातच. कुणाचे बाबा बँकेत, कुणाचे पोलिसात, कुणाची आई नर्स. जूनमध्ये नवा मुलगा येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि पहिले काही दिवस प्रत्येक वाक्य 'आमच्या तिकडे ना' असं सुरू करतो. बाकीची मुलं खुसूखुसू हसतात. मला हसू येत नाही, कारण असा एक नमुना माझ्याच घरात आहे.

यांची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून रत्नागिरीला आलो. आमची ताई आठ दिवसांत रुळली. तिला समुद्र मिळाला, दोन मैत्रिणी मिळाल्या, संपलं! धाकटे चिरंजीव मात्र दहा वर्षांचे आणि पक्के पुणेकर. पाऊस? 'पुण्यात असा वेड्यासारखा पडत नाही.' फणस? 'हात चिकट होतात.' मांडवीचा समुद्र? 'बरा आहे, पण पर्वती कुठंय?' पर्वतीच्या पायऱ्या हा मुलगा दर रविवारी बाबांबरोबर चढायचा, त्यामुळे इथली कुठलीही टेकडी त्याला टेकडीच वाटेना.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्याचं वाचन थांबलं, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. पुण्याला असताना महिन्यातून एकदा त्याची आप्पा बळवंत चौकात फेरी असायची. एकच पुस्तक घ्यायचं, असा घरचा नियम. त्यामुळे स्वारी तासभर दुकानात उभी राहून चार पुस्तकं चाळून घ्यायची आणि मग पाचवं विकत मागायची! इथे आल्यावर पुस्तकांचा खोका कॉटखाली गेला तो तसाच. चिकटपट्टीसुद्धा काढली नाही. पुण्याच्या बालवाचनालयाचं कार्ड तेवढं कंपासमध्ये जपून ठेवलं होतं. "खोका उघडायचा का रे?" असं विचारलं की म्हणायचा, "परत जाताना पुन्हा बांधायला लागेल. राहू दे."

पालकांसाठी इथे दोन शब्द. अशा वेळी आपण चटकन म्हणतो, "होईल सवय." ते खरंही असतं. पण मोठी माणसं निदान विचार करून, हो-नाही करून गाव सोडतात. मुलांना सामानाबरोबर उचललं जातं. ज्याचं गाव सुटलंय त्याला 'सवय होईल' म्हणजे 'विसरशील' असं ऐकू येतं, आणि त्याला तर विसरायचंच नसतं. म्हणून आम्ही गप्प राहिलो.

कोंडी फोडली शेजारच्या आजोबांनी. ते याला नावाने हाक मारतच नाहीत. "काय पुणेकर, जेवलात काय?" असं विचारतात. एकदा पुणेकरांनी त्यांना ऐकवलं, "आमच्या पुण्यात खूप जुनी लायब्ररी आहे. नगर वाचन मंदिर. १८४८ सालची!" आजोबा शांतपणे म्हणाले, "हो काय? आमचं नगर वाचनालय १८२८ चं."

वीस वर्षांनी मोठं! चिरंजीवांचा विश्वासच बसेना. 'स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही' म्हणून आजोबांबरोबर वाचनालयात गेले. साल खरं निघालं. मान खाली घालून परत आले, पण हातात दोन पुस्तकं होती. एक लोकमान्य टिळकांचं चरित्र आणि दुसरं थिबा राजावरचं. आजोबांनी ती मुद्दाम निवडली होती की सहज हाताला लागली, हे मी अजून विचारलेलं नाही.

टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६ चा, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. पण त्यांनी रत्नागिरी का सोडली? त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते आणि १८६६ साली त्यांची पुण्याला बदली झाली! बाळ तेव्हा दहा वर्षांचा. हे वाचून आमचा बाळ उठून स्वयंपाकघरात आला. "आई, टिळक माझ्याएवढे होते. फक्त उलटे गेले." पुढे पुण्याला आल्यावर थोड्याच काळात टिळकांची आई वारली, हेही त्याने वाचलं. त्या रात्री तो माझ्या अंथरुणात येऊन झोपला.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. त्याची राजधानी मंडाले. १८८५ साली इंग्रजांनी राज्य घेतलं, राजाराणीला इरावती नदीतून आगबोटीने नेलं, आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये इथे रत्नागिरीला आणून ठेवलं. राजाचं वय तेव्हा जेमतेम सत्तावीस. टेकडीवरचा जो राजवाडा आपण 'थिबा पॅलेस' म्हणून बघतो, तो बांधून झाला १९१० साली.

एका रविवारी आम्ही सगळे तिथे गेलो. उतरती छपरं, रुंद व्हरांडे, आणि समोर लांबवर पाणी. ताई फोटो काढत होती. हा मात्र कठड्याशी उभा. मग त्याने मला विचारलं, "राजा परत गेला का गं?"

खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हटलं, "नाही. १९१६ साली तो इथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे."

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग मीच त्याला टूटूची गोष्ट सांगितली. टूटू ही थिबाची नात. रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलायची, इथेच तिने संसार केला. जिथे आजोबा कैदी होते, ते तिचं गाव होतं. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे तिला मंडालेची आठवणच नव्हती?" मी म्हटलं, "बघितलेलंच नसेल तर आठवण कशी येणार?" यावर ताईने मध्येच तोंड घातलं, "आणि टिळकांना कुठे ठेवलं होतं, माहितेय? मंडालेला! आम्हाला इतिहासात आहे."

अगदी खरं. १९०८ ते १९१४ टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत, तेही एकाच वेळी! टिळकांनी तिथे पुस्तकं मागवली, वाचली आणि 'गीतारहस्य' लिहून काढलं, तेही पेन्सिलीने. शाई द्यायची सोय नव्हती.

परत येताना रिक्षात प्रश्नांची सरबत्ती सुरू. राजाकडे त्याच्या भाषेतली पुस्तकं होती का? टिळकांना तुरुंगात पुणं आठवायचं की रत्नागिरी? की दोन्ही? यांनी हात जोडले. मी म्हटलं, "वाचनालयात शोध."

आता आठवड्यातून दोनदा शोधमोहीम असते. कॉटखालच्या खोक्याची चिकटपट्टी अर्धी निघाली आहे. शेजारच्या मुलीला वाचायला द्यायची म्हणून तीन पुस्तकं त्या फटीतून ओढून काढली. तिने विचारलं होतं, "पुण्यात समुद्र नाही, तर संध्याकाळी तुम्ही जायचात कुठे?" त्यावर सारसबाग, तिथे पूर्वी तळं होतं आणि म्हणून तो 'तळ्यातला गणपती', असं सगळं अर्धा तास सांगून झालं. पुण्याची आठवण काही कमी झालेली नाही. परवाही भेळ खाताना नाक मुरडलंच.

दिवाळीत आम्ही पुण्याला जाणार आहोत. कंपासमधलं कार्ड बरोबर घ्यायचं ठरलं आहे. आणि नगर वाचन मंदिरात जाऊन तिथल्या काकांना 'रत्नागिरीचं वाचनालय तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठं आहे' असं सांगायचंही ठरलं आहे. मी म्हटलं, "अरे, त्यांना ठाऊक असेल."

"असू दे. तरी सांगणार!"